एका रांगेतले शब्द, निरनिराळी घराणी

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

पी, ई, एन ही तीन इंग्रजी अक्षरे ज्यांत याच क्रमाने येतात अशा शब्दांची तुझी यादी आणि जुन्या कोशांतून उतरवून घेतलेल्या त्यांच्या व्याख्या मी सावकाश वाचल्या. काम चिकाटीचे आहे आणि ते तू पुढे न्यावेस. मात्र यादीच्या माथ्यावर 'एकाच मुळातून आलेले शब्द' असे जे लिहिले आहेस, ते आधी काढून टाक. अक्षरानुक्रम ही शोधणाऱ्याच्या सोयीसाठी लावलेली रांग असते, वंशावळ नव्हे. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ साली इंग्रजी शब्दांचा छोटा कोश काढला, तेव्हा 'ए'ने सुरू होणारा शब्द आरंभी पाहावा आणि 'व्ही'चा शेवटाकडे, हेही त्याला वाचकांना समजावून सांगावे लागले होते.

आता तुझेच शब्द घे. पेन हा लॅटिनमधील पिसाच्या शब्दावरून आला आणि पेन्सिल ही शेपटीच्या शब्दावरून, 'लहानशी शेपटी' म्हणजे कुंचला, अशी आली; टेबलावर शेजारी पडलेल्या या दोन वस्तूंच्या नावांत रक्ताचे नाते नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पेन्सिलचा पहिला अर्थ 'चित्रकार रंगात बुडवतात तो केसांचा लहान कुंचला' असा आहे, आणि शिसे घातलेली लेखणी त्यानंतर येते. तू हा पहिला अर्थ 'चुकीचा' म्हणून खोडला आहेस, तो परत लिही. वेबस्टर या अमेरिकन इंग्रजी कोशाच्या १९१३ च्या आवृत्तीतही पेन्सिलच्या नोंदीत कुंचलाच आधी येतो, कारण त्या कोशात अर्थांचा क्रम सामान्यतः इतिहासाप्रमाणे लावलेला असतो आणि रोजच्या वापरातला अर्थ तिसरा-चौथाही असू शकतो. पेन्सिलचे खरे भावंड हवे असेल तर पेनिसिलिनकडे पाहा. ज्या बुरशीपासून ते औषध मिळाले, तिचे नाव तिच्या कुंचल्यासारख्या रूपावरून ठेवलेले आहे.

पेंटहाऊसची गोष्ट याच्या उलट आहे. जॉन्सन त्याला 'मुख्य भिंतीपासून उतरते बाहेर आलेले छप्पर' म्हणतो, म्हणजे आपली पडवी. मुंबईत उंच इमारतीच्या माथ्यावरच्या महागड्या घराला आज तेच नाव देतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, पुढे लोकांनी त्याच्या शेपटाला 'हाऊस' जोडून टाकले, आणि त्याचे मूळ 'टांगणे, तोलणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. तोलण्यावरून मोजून देणे हा अर्थ निघाला, म्हणून पेन्शन, एक्स्पेन्स आणि सस्पेन्ड हे पेंटहाऊसचे खरे आप्त ठरतात.

पेन्शनच्या नोंदीवर तू फक्त 'विनोदी' असा शेरा मारला आहेस, तो मला अपुरा वाटतो. जॉन्सनने लिहिले आहे की पेन्शन म्हणजे मोबदल्याशिवाय एखाद्याला दिलेला भत्ता, आणि इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ सामान्यतः स्वदेशाशी द्रोह करण्याबद्दल सरकारी भाडोत्र्याला दिलेले वेतन असा समजतात. त्या काळी पेन्शन म्हणजे निवृत्त नोकराचा हक्क नव्हे, तर बहुधा राजाच्या किंवा मंत्र्याच्या मर्जीने मिळणारी रक्कम होती आणि तिने लेखकांच्या लेखण्या विकत घेतल्या जातात असा संशय उघडपणे घेतला जाई; हे ध्यानात घेतले की त्या वाक्यातला राग दिसू लागतो. पुढे १७६२ साली तिसऱ्या जॉर्जच्या दरबाराकडून जॉन्सनलाच वर्षाला ३०० पौंडांची पेन्शन देऊ करण्यात आली. आपल्याच व्याख्येमुळे संकोचून त्याने चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सचा सल्ला घेतला, आणि हे पुढे करायच्या कामासाठी नसून झालेल्या कामासाठी आहे, असे तेव्हाचा पंतप्रधान लॉर्ड ब्यूट याने सांगितल्यावर ती स्वीकारली. टीकाकारांनी अर्थातच त्याला सोडले नाही. अशा नोंदीपुढे कोशाचे नाव आणि साल लिहिलेले नसेल, तर वाचणारा तिला इंग्रजी भाषेचे मत समजेल. वस्तुतः ते एका माणसाचे, एका राजकारणातले मत आहे. तुझ्या यादीत साल कुठेच नाही.

पेंग्विनच्या नोंदीत या शब्दाचा वेल्श भाषेत 'पांढरे डोके' असा अर्थ असल्याचे सांगून, त्यावरून अमेरिकेत वेल्सचे लोक वसले असावेत अशी जी कल्पना केली गेली, तिचाही उल्लेख जॉन्सन करतो. ती नोंद अवश्य ठेव, पण 'विवाद्य' अशी खूण कर. शब्दसाधर्म्यावरून माणसांचे स्थलांतर सिद्ध करण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही.

राहिली शोधण्याची अडचण. जॉन्सनच्या कोशात आय आणि जे, तसेच यू आणि व्ही, एकाच अक्षरासारखे मिसळून लावले आहेत, तेव्हा अपेक्षित जागी शब्द न दिसल्यास तो नाहीच असे समजू नकोस. शिवाय त्या काळच्या छपाईत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये लांब एस वापरत आणि तो एफसारखा दिसतो. यंत्राने वाचलेल्या प्रतीत पेन्शनमधला एस पुष्कळदा एफ होऊन बसतो. म्हणून प्रत्येक शोध दोनदा कर, एकदा एस घालून आणि एकदा एफ घालून, आणि सापडलेली प्रत्येक नोंद मूळ पानाच्या चित्राशी ताडून मगच उतरवून घे.

तुझा हितचिंतक