कपडेपटातून : कोलंबोचा कोट आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात कपड्यांवरून पात्र कसं उभं राहतं ते लिहिताना पीटर फॉकच्या चुरगळलेल्या रेनकोटाचा उल्लेख ओघात आला. तेवढ्यावरून इतकी पत्रं आली की शालू-पैठण्यांचे, फेट्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : फॉक म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या 'कोलंबो' मालिकेतला, वेंधळा दिसणारा पण डोक्याने तल्लख पोलीस लेफ्टनंट.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा आहे. राहतो कोपरीत, नोकरी बेलापूरला, सरकारी. ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन तालमीला पोचेपर्यंत रोज उशीर होतो आणि दिग्दर्शकाची बोलणी खातो. फॉकने सरकारी नोकरी सोडून अभिनय धरला असं वाचलं. मीही राजीनामा द्यावा का?

उशिराच्या बाबतीत फॉक तुझा गुरू शोभेल. सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदवी घेऊन तो कनेटिकट राज्याच्या बजेट खात्यात लागला, हार्टफर्ड शहरात. काम काय, तर सरकारी कारभारात कार्यक्षमता कशी आणायची ते सांगायचं. आणि हा कार्यक्षमतेचा जाणकार पहिल्याच दिवशी ऑफिसची इमारत न सापडल्यामुळे उशिरा पोचला! हे तो स्वतःच हसत सांगायचा.

संध्याकाळी हार्टफर्डच्या हौशी संस्थेत नाटकं करायचा. त्याच सुमारास वेस्टपोर्टला एव्हा ल गॅलियन या रंगभूमीवरच्या मोठ्या बाई वर्ग घेत होत्या, फक्त व्यावसायिक नटांसाठी. हा खोटं सांगून आत शिरला. गाडी हाकत जायचं, त्यामुळे वर्गाला दर वेळी उशीर. एक दिवस बाईंनी धरलंच, सारखा उशीर का? म्हणाला, हार्टफर्डहून येतो. तिथे तर थिएटर नाही, मग पोट कशावर भरतोस? तेव्हा त्याने कबूल केलं की आपण व्यावसायिक नट नाही. बाई म्हणाल्या, मग व्हायला हवं. तो परत गेला आणि नोकरी सोडून आला. वय अठ्ठावीसच्या आसपास.

आता राजीनाम्याचा कागद पुढे ओढण्याआधी दोन गोष्टी ऐक. त्याला नट हो म्हणणारी व्यक्ती ना त्याची मित्र होती, ना त्याच्या संस्थेतली. त्या बाईंनी आयुष्य रंगमंचावर काढलं होतं आणि त्याची भीड धरण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. पुढे एजंटकडे शिफारसपत्रही त्यांनीच दिलं. तुला असं कोणी सांगितलंय का? गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर चहा पिताना 'तू तोडलंस यार' म्हणणारे मी धरत नाही. ते सगळ्यांनाच म्हणतात. दुसरी गोष्ट, न्यूयॉर्कमध्ये फॉकचं पहिलं नाटक लागलं जानेवारी १९५६ मध्ये, मोलियेरचं 'डॉन जुआन'. पहिला प्रयोग झाला आणि तोच शेवटचा ठरला. नाईटच्या, म्हणजे नटाला प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशाच्या, हिशोबाने सांगायचं तर एक नाईट. बरं, त्याच वर्षी यूजीन ओनीलच्या 'द आइसमन कमेथ'मध्ये त्याला दारूच्या गुत्त्यातल्या नोकराचं काम मिळालं आणि ते नाटक चाललं. नसतं चाललं तर?

आपल्याकडचे डॉ. श्रीराम लागूही फॉकच्याच वयाचे, दोघांचा जन्म १९२७चा. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. त्यांनी पूर्ण वेळ नाटक धरलं ते १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, आणि तोवर हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं घासून घेतलं होतं. तुझ्या हातात वेळ आहे, घाई करू नकोस. आधी बिनपगारी रजा मिळते का बघ. आणि तुझं काम बघायला असा माणूस बोलाव ज्याला तुझं नावही माहीत नाही.

प्रश्न : फॉकचा एक डोळा काचेचा होता हे खरं? मी नेरूळला कॉलेजात एकांकिका करते. माझा डावा डोळा तिरळा आहे, त्यामुळे मला नेहमी बॅकस्टेजलाच टाकतात.

खरं आहे, बाळा. तीन वर्षांचा असताना डोळ्यात कर्करोगाची गाठ झाली आणि उजवा डोळा काढावा लागला. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने त्याला चुकीचं बाद दिलं, तेव्हा त्याने काचेचा डोळा काढून पंचाच्या हातात ठेवला, घ्या, तुम्हाला याची जास्त गरज आहे! पोरगा कसा होता ते यावरून समज.

पण सगळं असं हसण्यावारी गेलं नाही. कोलंबिया पिक्चर्सचा मालक हॅरी कोन याने त्याला नाकारताना, एवढ्याच पैशात मला दोन डोळ्यांचा नट मिळतो, असं सुनावलं होतं. मग १९६० साली 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड'मध्ये त्याने थंड रक्ताचा मारेकरी केला आणि ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढच्याच वर्षी 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'साठी पुन्हा मिळालं.

कोलंबो मान तिरकी करून, डोळा बारीक करून समोरच्याकडे बघतो ना, ते नीट बघ. बघणाऱ्याला वाटतं हा विचार करतोय, आणि पडद्यावरच्या खुन्याला वाटतं हा बावळट आहे. आता तुझ्या कामाचं सांगते. प्रकाशयोजना करणाऱ्याला तालमीतच गाठ, तुझी उजवी बाजू प्रेक्षकांकडे येईल असा स्पॉट मागून घे. किंवा मागू नकोस आणि सरळ समोर बघून वाक्य टाक. मी विंगेत उभी राहून पुष्कळ नटांचे डोळे पाहिलेत. एकाग्र डोळ्याचा तिरळेपणा तिसऱ्या रांगेपुढे कोणाला दिसत नाही. आणि बॅकस्टेजला टाकणाऱ्यांना एकदा विचार, वाचनाला तरी बसवणार का?

प्रश्न : तो रेनकोट कंपनीने शिवून घेतला होता की बाजारातून आणला? – वाशी

हा माझ्या धंद्यातला प्रश्न, म्हणून थोडं सैल सोडते. कोट त्याचा स्वतःचा होता. न्यूयॉर्कमध्ये ५७व्या रस्त्यावर पावसात सापडला म्हणून दुकानात शिरून १५ डॉलरला घेतलेला. भूमिका मिळाली तेव्हा कपडेपटाने पुढे केलेलं त्याला पटेना, मग त्याने घरचा कोट आणला. गंमत बघा, मालिका घडते लॉस एंजेलिसला, जिथे वर्षातले बहुतेक दिवस कडक ऊन. तिथे हा रेनकोट घालून फिरतोय आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही.

नवा कपडा जुना दाखवायचा तर आम्ही तो चहाच्या पाण्यात बुडवतो, कोपरांवर वीट घासतो, खिशात दगड भरून टांगून ठेवतो म्हणजे खिसे लोंबतात. एवढं करूनही एका माणसाच्या बसण्याउठण्याने पाठीवर पडलेली घडी येत नाही ती नाहीच. फॉकच्या कोटाला ती होती. खिशांचा उपयोगही बघा. पेन्सिल सापडत नाही म्हणून तो सगळे खिसे चाचपतो, मग समोरच्याकडेच मागतो. यातलं बरंचसं तो संहितेबाहेरचं, आयत्या वेळी करायचा, म्हणजे समोरचा नट खरोखर वैतागायचा आणि कॅमेऱ्यात तो वैताग अस्सल यायचा. ती खटारा प्यूजो ४०३ गाडीसुद्धा त्यानेच स्टुडिओच्या आवारातून निवडली होती.

प्रश्न : कोलंबोच्या भागात पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच खुनी कळतो. मग बघायचं काय? – ऐरोली

कसा सापडतो ते. निर्माते रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी ही भूमिका लिहिताना डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधला तपास अधिकारी डोळ्यासमोर ठेवला होता. तिथेही खुनी वाचकाला ठाऊकच असतो. १९६८च्या पहिल्या टीव्हीपटासाठी आधी गायक-नट बिंग क्रॉस्बीला विचारलं होतं, तो नाही म्हणाला. आपलं नशीब.

प्रश्न : शेवटी फॉक यांना विस्मरणाचा आजार झाला होता का? आमच्या घरीही तेच चालू आहे. – नौपाडा

हो. अल्झायमर होता. २००९ साली डॉक्टरांनी न्यायालयात सांगितलं की आपण कोलंबो नावाचं पात्र केलं होतं हेही त्याला आठवत नाही. शेवटचा कोलंबो त्याने २००३ मध्ये केला, पंचाहत्तरीला. २३ जून २०११ रोजी बेव्हर्ली हिल्सला गेला, वय ८३. आजारी माणसाला भेटायला घरच्यांना अडवता येऊ नये म्हणून २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या घरच्यांना जुनी गाणी लावून बघा, आमच्या सासूबाईंना नाट्यपदांचे शब्द सुचायचे, आमची नावं नाही सुचायची.

प्रश्न : एकच काहीतरी बघायचं तर काय? – घणसोली

कोलंबोचे एकूण ६९ भाग, सगळे बघायला निवृत्त व्हावं लागेल. १९७१चा 'मर्डर बाय द बुक' घ्या, दिग्दर्शक चोविशीतला स्टीव्हन स्पीलबर्ग. पण माझं मत विचाराल तर कोलंबो बाजूला ठेवा आणि दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसचा १९७४चा सिनेमा 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' बघा. बायकोचं मन ढळत चाललंय आणि तिच्यावर जीव असूनही काय करावं ते न कळणारा, म्हणून ओरडणारा बांधकामावरचा मुकादम त्याने केलाय. बायको झालेल्या जीना रोलंड्सचं काम त्यात इतकं मोठं आहे की लोक फॉकला विसरतात. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आला की तिच्याकडे न बघता त्याच्याकडे बघा, आणि दुसऱ्या वेळी तिच्याकडे.