भाषण पाठ करून जावं की हातात कागद ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच शंभरेक लोकांसमोर बोलायचंय, पाठ करावं की कागद न्यावा, आणि घशाला कोरड पडते तिचं काय. कोरडीचं नंतर बघू. आधी कागद, कारण या कागदापायी माझं एका माणसाशी तीस वर्षं भांडण चालू आहे आणि त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

नववीत असताना वक्तृत्व स्पर्धा होती, सात मिनिटांची. भाषण सरांनी लिहून दिलेलं, मी घडाघडा पाठ केलेलं. तरी खिशात एक चिटोरी होती, पाच शब्दांची. विंगेत सरांनी ती काढून घेतली. म्हणाले, "वक्ता कागद बघत नाही, कारकून बघतो."

सुरुवात झकास झाली. गोची अशी की त्या भाषणात ‘परंतु मित्रहो’ दोनदा होतं, एकदा दुसऱ्या मिनिटाला आणि एकदा चौथ्या. चौथ्या मिनिटाला ते आलं आणि जीभ परस्पर दुसऱ्या मिनिटात गेली. तोच परिच्छेद पुन्हा, हातवाऱ्यांसकट. फिरून ‘परंतु मित्रहो’पाशी आलो तेव्हा गडबड कळली होती, पण पुढचं काही केल्या सापडेना, म्हणून तिसरी फेरी सुरू केली. या वेळी पहिल्या रांगेतली पोरं माझ्याबरोबर म्हणाली, "परंतु मित्रहो!" घंटा झाली म्हणून सुटलो. सरांचं निदान: तयारी कमी पडली.

सर, तयारी कमी नव्हती, चुकीची होती. घोकलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य मागच्याचं शेपूट धरून चालतं. एक शेपूट सुटलं की सगळी रांग हरवते. मुद्दे डोक्यात असले तर एखादा विसरला तरी पुढचा शिल्लक असतो. चर्चिलसारख्याचंही हेच झालं होतं. एप्रिल १९०४ मध्ये ब्रिटिश संसदेत पाठ केलेलं भाषण ते बोलता बोलता विसरले, शब्द शोधत राहिले आणि शेवटी खाली बसले. त्यानंतर ते टिपणं जवळ ठेवूनच बोलत. त्यांना कोणी कारकून म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तेव्हा कागद न्या. कागद म्हणजे खरं तर जाड कार्ड, पोस्टकार्डाएवढं. पातळ कागद हाताबरोबर फडफडतो आणि थरथर शेवटच्या रांगेलाही दिसते. एका कार्डावर एकच मुद्दा, तोही दोन-चार शब्दांत, ठळक अक्षरात. कार्डांवर आकडे टाका. ती हातातून पडतात. सराव उभं राहून, मोठ्यानं आणि घड्याळ लावून करायचा. मनातल्या मनात केलेला सराव मी धरत नाही, तिथे सगळेच अस्खलित असतात. मी मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो. तुम्ही किती बोलता ते मोजा, म्हणजे दहा मिनिटांत वीस मिनिटांचा मजकूर कोंबायला जाणार नाही.

कोरडीचं म्हणाल तर भीतीनं अ‍ॅड्रेनालिन वाढतं, लाळ कमी होते, त्याला इलाज नाही. पाणी जवळ ठेवा आणि घोट घ्यायला बिनधास्त थांबा. तुम्हाला युगासारखी वाटणारी ती चार सेकंदं लोकांच्या लक्षातही येत नाहीत. माझी थरथर दोन मिनिटांत जाते, तुमचं सांगता येत नाही.

एक राहिलंच. कार्ड न्या म्हणजे मान खाली घालून वाचा असं नाही. ते पाठांतरापेक्षा वाईट. आणि पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठच हवं. पहिलं, कारण तेव्हा डोकं बंद असतं. शेवटचं, कारण ते नसलं की माणूस ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून आणखी दहा मिनिटं बोलतो.

सर हे वाचतील तर म्हणतील, बघ, शेवटी पाठच करतोस ना? करतो. दोन वाक्यं. सात मिनिटं नाही.