दहावा माणूस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

‘काका, दहावा माणूस घेतोय, कंत्राटदाराच्या नावावर दाखवला तर चालेल ना?’ हा तुझा मेसेज वाचला. फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

नाही चालणार. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तो दहा माणसांना लागू होतो. त्यासाठी डोकी मोजताना कंत्राटदाराचा पण तुझ्या गाळ्यात राबणारा माणूसही तुझ्याच खात्यात धरतात. आणि एकदा दहा झाले की पुढे दोघं सोडून गेले तरी कायदा तुला सोडत नाही.

भोसरीत माझं पत्र्याचे भाग दाबून काढायचं प्रेस शॉप होतं तेव्हा माणसं बारा आणि मस्टरवर आठ. मलाही ती हुशारीच वाटायची. मग एका रात्रपाळीत एका हेल्परची दोन बोटं प्रेसखाली गेली. तो त्या आठांत नव्हता. रिक्षात त्याचा हात रुमालात गुंडाळून धरून बसलो होतो, आणि डोक्यात काय चाललं होतं सांगू? ‘कुठे कामाला आहे असं डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगायचं?’ ऑपरेशन, चार महिन्यांचा घरखर्च, भरपाई, सगळं खिशातून गेलं. तुझ्या काकूच्या पाटल्या त्यात मोडल्या. त्याचं वाईट वाटत नाही. रिक्षातल्या त्या विचाराची मात्र आजही लाज वाटते.

आता ईएसआयचा हिशोब कर. 18,000 पगारावर तुझे 3.25 टक्के म्हणजे 585 रुपये, त्याचे 0.75 टक्के म्हणजे 135. एवढ्यात त्याला, बायकामुलांना, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार. कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के रक्कम. दवाखान्यात रांग असते, मान्य. पण 585 रुपयांत एवढं देणारी खासगी पॉलिसी मला आणून दाखव. 21,000 च्या वर पगार असलेले यात बसत नाहीत. तुझ्या फिटरसाठी मेडिक्लेम आणि वर्कमेन कॉम्प (कामावरच्या अपघाताच्या भरपाईची) पॉलिसी वेगळी घे.

दहा झाले की ग्रॅच्युइटीही आली, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम. पाच वर्षांनी 18,000 वाल्याचे जवळपास 52 हजार होतात, तेव्हा दरमहा थोडे बाजूला टाक. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू आहेत. मुदतीच्या करारावरच्या माणसाला तर आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते. नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचं, आणि काम सोडणाऱ्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही दहालाच लागते. ‘पॅकिंगला दोनच तर बायका आहेत’ ही सबब चालत नाही. समिती नसेल तर दंड 50 हजारांपर्यंत. अध्यक्ष बाईच हवी, एक सदस्य बाहेरचा. स्वतःच्या बायकोला अध्यक्ष करून टाकू नकोस, हे मी दोन गाळ्यांत पाहिलंय. तक्रार तुझ्याचविरुद्ध असेल तर ती कुठे जाईल?

पीएफला अजून वेळ आहे, तो विसाला. पण पीएफ काय आणि ईएसआय काय, कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचा. पार्टीचं पेमेंट अडकलं म्हणून त्यातून पत्र्याचं बिल भागवलंस तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो, नुसता उशीर नव्हे.

आणि हो, योगदिनाला मॅट वाटणार म्हणालास. वाट की! त्याआधी दोन नंबरच्या प्रेसला गार्ड आणि दोन हातांची बटणं बसव, म्हणजे दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. मागच्या वेळी आलो तेव्हा एक बटण टेपने दाबून ठेवलेलं होतं. काम लवकर उरकतं म्हणून पोरं तसं करतात आणि मालक बघूनही बघत नाहीत. मीही बघितलं नव्हतं.

मंगळवारी ये, ईएसआयची नोंदणी बसून करून टाकू. हजेरीपट, पॅन आण, आणि त्या दहाव्याला सोबत घेऊन ये. घरची माणसं कोण कोण ते त्याच्याच तोंडून लिहून घेऊ.

तुझा,
काका