अवरक्तात रक्त नाही

आर्णी तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आला आहे. सातवीच्या वर्गात ते जेम्स वेब दुर्बिणीवरचं कात्रण वाचून दाखवत होते. त्यात 'अवरक्त वर्णपट' आला आणि एका पोरीनं विचारलं, "गुर्जी, अवरक्त म्हणजे आंगात रक्त कमी हाय काय?" त्याच कात्रणात पुढे 'दुर्बिणीनं दीर्घिकेची ताम्रसृती पाहिली' असं वाक्य होतं (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अफाट समूह). अवरक्त आणि ताम्रसृती एकच का, हा गुरुजींचा स्वतःचा प्रश्न.

पोरीचा तर्क मला आवडला. अवकृपा, अवगुण, अवदसा, अवकळा. 'अव' लागला की काहीतरी बिघडलंच. त्यात घरोघरी रक्तवाढीच्या गोळ्या. पण 'अव' म्हणजे मुळात 'खाली'. अवतरणे, अवरोह यांत तो अर्थ धड राहिला आहे. 'रक्त' म्हणजेही आधी रंगवलेलं, लाल. रक्तचंदनात कुठे रक्त असतं? तेव्हा अवरक्त म्हणजे लालच्या खालचं. खालचं, ते वारंवारतेच्या मापानं. तरंगलांबी उलट लालपेक्षा जास्त. पोरं इथे हमखास अडखळतात, म्हणून आधीच सांगून टाकावं. (दुसऱ्या टोकाच्या किरणांना मी 'अतिनील'पेक्षा 'जंबुपार' म्हणेन. जांभळं खाऊन जिभा रंगलेल्या पोरांना तो समजावावा लागत नाही.)

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, म्हणजेच वर्णपटात, लालच्या पुढे, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापक ठेवला आणि पारा चढला. वर्गात लोलक नसेल तर चुलीतला राखेनं झाकलेला इस्तो घ्या. लाली दिसत नाही, पण बाजूनं तळहात धरला की धग लागते. वरून धरू नका, तिथे गरम हवाच लागेल.

आता ताम्रसृती. अवरक्त हे वर्णपटातल्या जागेचं नाव, ताम्रसृती हे सरकण्याचं. ताम्र म्हणजे तांबडं. 'सृती' आपल्या 'सरणे'च्याच घरची. काही पुस्तकांत 'ताम्रच्युती' आहे, पण च्युतीत पदावरून घसरल्याचा वास येतो.

दूरच्या दीर्घिकेत तारे जन्मतात तेव्हा तापट तरुण ताऱ्यांमुळे भोवतालचा हायड्रोजन उजळतो. त्याच्या वर्णपटात एका ठरावीक तरंगलांबीला ठळक लाल रेषा उमटते, ०.६५६ मायक्रोमीटरची. प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावतं आणि ही लांबी ताणली जाते. ताम्रसृती ६ असेल तर सहा अधिक मूळची एक, अशी सातपट, म्हणजे ४.५९ मायक्रोमीटर. गंमत बघा, रेषा मुळातच तांबडी होती; ती तांबड्याकडे सरकली नाही, तांबडं सोडून अवरक्तात गेली. उलट हायड्रोजनचीच जंबुपारातली ०.१२२ ची रेषा ताम्रसृती ३ असताना ०.४९ वर, निळ्या-हिरव्याच्या सीमेवर येते. तांबड्यापर्यंत पोचतच नाही. तरी दोन्हीकडे शब्द ताम्रसृतीच, कारण त्यातलं 'ताम्र' हा रंग नसून दिशा आहे. यवतमाळहून 'नागपूरकडे' निघालेली गाडी वर्ध्यात थांबली काय किंवा नागपूर ओलांडून भंडाऱ्याला गेली काय, दिशा तीच.

अशा रेषांसाठी दुर्बीण अवकाशात लागते, कारण आपल्या हवेतली वाफ अवरक्ताचा बराच भाग गिळते आणि हवा, जमीन, खुद्द दुर्बीणही अवरक्तात उजळत असतात. वेब म्हणूनच पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, उन्हाला पाच पदरी पडदा लावून गार बसली आहे. तिच्या एका वर्णपटमापकात सुमारे अडीच लाख बारीक झडपा आहेत. हव्या त्या दीर्घिकांसमोरच्या तेवढ्या उघडायच्या.

म्हणून कात्रणातलं वाक्य मला खटकतं. दुर्बिणीनं पाहिली ती अवरक्तातली रेषा. ताम्रसृती त्यावरून काढावी लागते: मिळालेल्या लांबीला मूळ लांबीनं भागा आणि एक वजा करा. ४.५९ भागिले ०.६५६, त्या पोरीलाच फळ्यावर बोलवा, गुरुजी.