परिपाठाला प्रार्थना कोणी सांगायची?

*ताई, मी वसई तालुक्यातल्या एका कॅथोलिक हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवते. नोकरीची सगळी वर्षं इथेच गेली, सध्या पर्यवेक्षिका आहे. मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरांची बदली झाली आणि मॅनेजर फादरांनी जूनपासून ते पद मला देऊ केलंय. मी हिंदू आहे. सिस्टर रोज परिपाठाला माइकवर क्रुसाची खूण करून स्वतः प्रार्थना सांगायच्या. आता ते मी करायचं? केलं तर ढोंग, नाही केलं तर शाळेचा अपमान. स्टाफरूममध्ये "आपल्या शाळेला आपलं माणूस मिळालं नाही का" अशी कुजबुज सुरू आहे. एक ज्येष्ठ कॅथोलिक सहकारी माझ्याशी धड बोलत नाहीत. सासूबाईंना हे सगळंच नापसंत. मिस्टर म्हणतात, दिवस बरे नाहीत, उद्या कोणी परिपाठाचा व्हिडिओ काढून फिरवला तर? परवा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "मिस, तुम्ही क्रुसाची खूण का नाही करत?" मी विषय बदलला. पद नाकारू का?*
*— एक पर्यवेक्षिका, वसई*

बाई, पद घ्या. आणि क्रुसाची खूण करू नका.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने" या शब्दांनी बाप्तिस्मा होतो. कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून कॅथोलिक माणूस रोज तीच श्रद्धा पुन्हा बोलून दाखवतो. तुमची ती श्रद्धा नसताना माइकवर तुम्ही ते करून दाखवलंत, तर तुमच्या सासूबाईंच्या आधी एखाद्या मनापासून मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाणाऱ्या पालकालाच ते खुपेल. मुलं हात हलवतील तेवढा वेळ तुम्ही हात जोडून, मान खाली घालून उभ्या राहा. एवढं पुरतं. कोणी बोट दाखवलंच, तर कॅथोलिक शाळांच्या ओळखीविषयी व्हॅटिकनने २०२२ मध्ये काढलेली सूचना त्यांना वाचायला द्या. इतर धर्मांच्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी शाळेचं कॅथोलिक स्वरूप ओळखावं आणि त्याचा मान राखावा, एवढंच बंधन त्यात आहे. ती श्रद्धा स्वीकारा असं कुठेही म्हटलेलं नाही.

'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सांगायला नववी-दहावीतली कॅथोलिक मुलं आळीपाळीने पुढे येऊ द्यात. आजवर सिस्टरच सांगायच्या, त्यामुळे त्या पोरांच्या वाट्याला माइक कधी आलाच नसेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि २०२० पासून शासनाने सांगितलेलं संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन हे सगळं तुम्ही पुढे होऊन घ्या. त्याखेरीज तुमची म्हणून एक प्रार्थना असू द्या, चार ओळींची, तुमच्या शब्दांत: आजारी असलेल्या मुलासाठी, परीक्षेसाठी, पाऊस लांबलाय म्हणून. देवाला हाक मारायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. 'हे प्रभो, मला तुझ्या शांतीचे साधन बनव' ही प्रार्थना तर बहुतेक कॅथोलिक शाळांत सर्वधर्मीय मुलांना पाठ असते. (ती असिसीच्या संत फ्रान्सिसची म्हणून ओळखली जाते, पण छापील स्वरूपात ती पहिल्यांदा सापडते १९१२ मध्ये, एका छोट्या फ्रेंच मासिकात. प्रार्थनेचं त्यामुळे काही बिघडत नाही.)

आता ती आठवीतली मुलगी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली. तिला बोलावून घ्या आणि सांगा, "मी हिंदू आहे. ती तुमच्या विश्वासाची खूण आहे, म्हणून मी ती उगाच करत नाही, हात जोडून उभी राहते." बस. त्यावर भाषण नको. ती मुलगी कॅथोलिक असेल तर आपली खूण ही गंमत नाही हे तिला कळेल. नसेल, तर शेजारची करते म्हणून आपणही करायलाच हवं असं नाही, हे कळेल. आणि हो, विषय बदललात ते मुलांच्या ध्यानात येतं बरं का. मिस काहीतरी लपवताहेत, एवढाच निरोप त्यांच्यापर्यंत पोचतो.

स्टाफरूममधली कुजबुज ही निव्वळ मत्सराची आहे असं धरून चालू नका. वसईतल्या कितीतरी शाळा चर्चच्या आवारात, धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) शेतकरी-बागायतदारांच्या आधाराने उभ्या राहिल्या. सिस्टर आणि फादर वर्गात दिसेनासे होत चाललेत, कॅथोलिक शिक्षकांची भरतीही पूर्वीसारखी राहिली नाही. "उद्या ही शाळा नावापुरती कॅथोलिक उरेल" ही भीती खरी आहे. मघाशी सांगितलेल्या व्हॅटिकनच्या सूचनेतही शाळेत कॅथोलिक शिक्षकांचा भरणा असावा, असा आग्रह आहेच. त्यामुळे "तुम्ही संकुचित आहात" असं कोणाला सुनावू नका.

मात्र एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक असू द्या, आणि गरज पडली तर त्यांनाही कळू द्या. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांसाठीच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यात अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक आहे, तिथे सेवाज्येष्ठतेची यादी आड येत नाही. म्हणजे फादरांना दुसऱ्या शाळेतून एखाद्या सिस्टरला आणता आलं असतं. तरी त्यांनी तुमचं नाव घेतलं. तुम्ही रांगेत पुढे होतात म्हणून पद गळ्यात पडलं, अशातला भाग नाही.

त्या ज्येष्ठ सहकारी बाईंकडे घरी जा. शाळेत केबिनमध्ये बोलावू नका, आतापासूनच तुम्ही साहेब झालात असं वाटेल. त्यांना हे पद मिळेल अशी आशा असणार आणि वाईट वाटण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. समजूत घालायला जाऊ नका, कामाचं बोला. ऑक्टोबरमधली जपमाळ, पहिल्या शुक्रवारची मिस्सा, कॅथोलिक मुलांचं धर्मशिक्षण, शाळेच्या संताचा सण, हे सगळं कोणाच्या तरी पूर्ण अखत्यारीत हवं आणि ते माणूस तुम्ही नाही, हे स्वच्छ सांगा. मग त्या म्हणतील तसं होऊ द्या. "बघा, मॅडमना विचारून सांगते" असं त्यांना एकदाही म्हणायला लागू नये. मिस्सेला तुम्ही स्टाफबरोबर बसा, उभं राहायच्या वेळी उभ्या राहा. ख्रिस्तप्रसादाची (मिस्सेत देतात त्या पवित्र भाकरीची) रांग लागली की जागेवरच बसून राहिलात तरी कोणाला वावगं वाटणार नाही. आणि कोणाच्या घरी मयत झालं तर जा. मुख्याध्यापक मयताला आले होते की नाही, हे वसईतली माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

तुमच्या पत्रात नसलेलं एक खटकतं ते सांगते. कॅथोलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की बाकीच्यांना वेळापत्रकात 'नीतिशिक्षण' असतं. होतं काय? कोणीतरी शिक्षक येऊन राहिलेला पोर्शन उरकतात, नाहीतर "शांत बसा, वाचत बसा". गणिताच्या शिक्षिकेला मी हे सांगावं म्हणजे जरा अतीच, पण तो तास तुमच्या विषयानेही खाल्ला असेल. तो परत मिळवा. त्याला नेमलेला शिक्षक द्या. बसमध्ये म्हाताऱ्याला जागा देण्यापासून जातीवरून चिडवण्यापर्यंत कितीतरी विषय त्या पोरांना बोलायला हवे असतात. अर्धी शाळा त्या तासाला वाऱ्यावर सोडलेली असेल, तर सकाळची प्रार्थना कितीही सुरेल होवो, मला ती शाळा नीट चाललेली वाटत नाही. कॅथोलिक चर्चचंही यापेक्षा वेगळं म्हणणं नसावं. २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने, दोन जाहीरनामे काढले, एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दल आणि दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्याबद्दल. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, हे त्या दुसऱ्यातलं.

मिस्टरांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणत्याही मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेशाच्या अर्जात त्यासाठी एक साधा रकाना घाला, सही घ्या, आणि 'नाही' लिहिणाऱ्याच्या मुलाला कोणी टोचून बोलणार नाही हे पाहा. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठाला संविधानाची प्रास्ताविका वाचा. त्याची प्रत फायलीला लावून ठेवा. व्हिडिओ काढणाऱ्याला त्यात दाखवण्यासारखं काही उरणार नाही.

शिक्षकाला प्रार्थनेला हात जोडायची सक्ती करता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१३ चा निकालही आहे, नाशिकच्या एका माध्यमिक शाळेच्या प्रकरणातला. तो माहीत असू द्या, पण फादरांसमोर काढू नका. ज्यांनी विश्वासाने पद देऊ केलं त्यांच्याशी बोलणं कोर्टापासून सुरू झालं की पुढचं सगळं विटतं.

सासूबाईंचं म्हणाल तर नवरात्रात घट बसले की सुट्टी टाकून घरी थांबा. शाळेत जपमाळ तुमच्यावाचून होईल. दोन-तीन वर्षांत सासूबाई स्वतःच शेजारणींना सांगतील, आमची सून हेडमिस्ट्रेस आहे म्हणून.

होकार देण्याआधी मात्र फादरांना भेटून हे सगळं तोंडी सांगा: मी खूण करणार नाही, धर्मशिक्षणाची जबाबदारी अमुक बाईंकडे असेल, नीतिशिक्षणाच्या तासाला मला हक्काचा शिक्षक हवा. त्यांनी मान डोलावली की तेच चार ओळींत लिहून त्यांच्याकडे द्या. जून उजाडला की मान्यतेचा प्रस्ताव, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा आणि बँकेतल्या सह्यांचे बदल यांतून तुम्हाला डोकं वर काढता येणार नाही, आणि मे महिन्यात फादर लग्नांच्या गडबडीत असतील. तेव्हा याच आठवड्यात वेळ मागून घ्या.