मंजुरीनंतरही फाइल उघडते
एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आल्यावर आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने आपल्या वतीने केलेली याचिका, एकदा मंजूर झाला की सरकार तो पुन्हा उघडते का, आणि त्या भरवशावर पुण्यातला फ्लॅट विकावा का, असे आपण विचारले आहे. उघडते, आणि फ्लॅट इतक्यात विकू नये, असे माझे मत आहे.

अमेरिकी कायद्यानुसार मंजूर याचिका सबळ कारण असल्यास केव्हाही रद्द करता येते. मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर कंपनीने आय-१४० मागे घेतला तरी तो आपोआप रद्द होत नाही, हा २०१७ पासूनचा मोठाच दिलासा. परंतु फसवणूक किंवा खुद्द इमिग्रेशन कार्यालयाची ठळक चूक आढळल्यास हे संरक्षण उरत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये १९ देशांच्या नागरिकांपैकी २० जानेवारी २०२१ पासून आलेल्यांच्या मंजूर प्रकरणांची फेरतपासणी करण्याचा आदेश निघाला. त्या यादीत भारत नव्हता, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो ते त्यातून कळते.

माझ्या मंजुरीनंतर दोन वर्षांनी ती रद्द का करू नये, अशी नोटीस आली. तीही मला नव्हे, कंपनीला, कारण याचिका कंपनीची असते. उत्तराला ३० दिवस होते आणि त्यातले नऊ मला कळेपर्यंतच गेले. मुद्दा क्षुल्लक होता: पुण्यातल्या जुन्या कंपनीच्या अनुभवपत्रावर शेवटचा दिवस ३० जून, तर रिलीव्हिंग लेटरवर ३१ मार्च. ज्या साहेबांनी सही केली होती ते केव्हाच निवृत्त झाले होते. शेवटी पीएफच्या पासबुकातल्या एप्रिल, मे आणि जूनच्या नोंदी व त्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा यांनी तारले.

म्हणून निघण्यापूर्वीच प्रत्येक जुन्या कंपनीकडून लेटरहेडवर, कामाचे स्वरूप आणि नेमक्या तारखा असलेले पत्र घ्यावे, आणि ते रिलीव्हिंग लेटरशी स्वतः ताडून पाहावे. पासपोर्ट, पदवी आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर वडिलांचे नाव एकाच स्पेलिंगने आहे ना, तेही पाहावे. वहिनींचे लग्नाआधीचे नाव पदवीवर असेल तर विवाह प्रमाणपत्र जवळ हवेच. याचिकेची पूर्ण प्रत मिळेल का, हे कंपनीच्या वकिलाला नोकरी स्वीकारतानाच विचारावे. नंतर विचारल्यावर पुष्कळदा टाळाटाळ होते. फ्लॅट तूर्तास लिव्ह अँड लायसन्सवर ११ महिन्यांसाठी द्यावा.