क्रॉप करताना चौकटीवर दिसणाऱ्या रेषा: कुठली लावायची, कधी बंद ठेवायची

तुम्ही विचारलंय की लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉपला, म्हणजे फोटोच्या कडा कापायला, गेल्यावर ‘ओ’ दाबत राहिलं की चौकटीवरच्या रेषा बदलत जातात, कधी नऊ घरं, कधी तिरक्या रेषा, कधी शंखासारखं वळण. तर यांतली योग्य कुठली आणि वारीच्या तुमच्या तीन फोटोंना कुठली लावावी. तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. उत्तर आधीच सांगून टाकतो: क्रॉपची सुरुवात रेषा बंद ठेवून करा. कुठे कापायचं हे रेषांना कळत नाही. आपण कापलं त्यात काय खटकतंय, ते शोधायला मात्र त्या फार कामाच्या आहेत. तुमच्या तिन्ही फोटोंत क्रम उलटा झालेला दिसतो. आधी रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू धरलाय आणि मग माणूस त्यावर नेऊन बसवलाय.

दिवे घाटाचा फोटो घेऊ. वरच्या वळणावरून खाली पाहताना दिंड्यांची रांग चढत येते आहे, पताका आहेत, रथ आहे. मूळ फोटोत रस्त्याची दोन वळणं दिसतात. तुम्ही रथ नऊ घरांच्या रेषांच्या उजवीकडच्या वरच्या छेदबिंदूवर आणायला गेलात आणि त्यात खालचं वळण कापलं गेलं. रथ अगदी नेमका बसला, पण चढ दिसेनासा झाला. उरली ती रस्त्यावरची गर्दी. इथे नायक रथ नाही, रस्ता आहे. आधी दोन्ही वळणं चौकटीत ठेवा, मग ‘ओ’ दाबून त्रिकोणाच्या रेषा आणा. यात एक कर्ण असतो आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्यावर टाकलेले लंब. शिफ्ट धरून ‘ओ’ दाबलं की कर्ण दुसऱ्या बाजूला पालटतो. तुमचा रस्ता जवळजवळ या कर्णावरूनच जातो, आणि वर उजवीकडे थेट कोपऱ्यात घुसतो. नेमकं हेच पाहायला ही रेषा लावायची. रस्ता कोपऱ्यात शिरला की नजरही त्या वाटेने फोटोबाहेर निघून जाते. चौकट थोडी खाली सरकवा म्हणजे रस्ता कोपऱ्याऐवजी वरच्या कडेला, कोपऱ्यापासून जरा अलीकडे संपेल. एवढ्याने फोटो बदलेल.

याच फोटोला सर्पिल, म्हणजे ते शंखासारखं वळण, लावावं असं तुम्हाला वाटलं, ते स्वाभाविक आहे, वळणाला वळण. पण ते सर्पिल सुवर्ण आयतात आखलेलं असतं. त्या आयताच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर, म्हणजेच सुवर्ण गुणोत्तर, १.६१८ आणि आपल्या कॅमेऱ्याच्या ३:२ चौकटीचं १.५. म्हणजे ३:२ मध्ये ते सर्पिल तंतोतंत बसूच शकत नाही, दाबून बसवावं लागतं. शिवाय ते एकाच केंद्राकडे गोळा होत जातं आणि घाटाचा रस्ता तसा जात नाही. मी सर्पिल वर्षातून दोन-तीनदा लावत असेन, तेही एखादी मोठी गोष्ट लहान होत होत एका ठिकाणी विरते तेव्हा.

तृतीयांशाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. चौकटीचे आडवे-उभे तीन समान भाग पाडणाऱ्या या नियमाला ‘तृतीयांशाचा नियम’ हे नाव दिलं इंग्लंडच्या जॉन थॉमस स्मिथ यांनी, १७९७ साली, आणि तेही निसर्गचित्रांबद्दल लिहिताना. त्यांचा भर क्षेत्रांच्या वाटणीवर होता: आभाळाला एक तृतीयांश दिलं तर जमिनीला दोन, किंवा उलट. चार बिंदूंपैकी एकावर विषय टेकवायचा, असा तो विचार नव्हता. तुमच्या तुळशीवृंदावनवाल्या मावशींच्या फोटोत ही वाटणीच वापरा. त्या डावीकडून उजवीकडे चालताहेत, नजर पुढे आहे. त्यांचा चेहरा डाव्या रेषेच्या आसपास असेल तर पुढे चालायला दोन तृतीयांश मोकळी जागा मिळते. तुम्ही त्यांना उजव्या बिंदूवर ठेवलंय, म्हणून त्या कडेवर आदळणार असं वाटतं. बिंदू नियमात बसतो, चाल बसत नाही.

इथेच तुम्ही विचारलं होतं की तृतीयांश की सुवर्ण गुणोत्तर. आकडे पाहा. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत तृतीयांशाची रेषा २००० वर पडते आणि सुवर्ण गुणोत्तराची साधारण २२९२ वर. फरक रुंदीच्या पाच टक्क्यांहूनही कमी. १२ इंच रुंदीच्या प्रिंटवर जेमतेम दीड सेंटीमीटर. सुवर्ण गुणोत्तराच्या रेषा मधल्या बाजूला जास्त जवळ येतात, म्हणून विषय मोठा असेल किंवा दोन माणसं जवळजवळ उभी असतील तर मला त्या बऱ्या वाटतात. मावशींच्या डोक्यावर वृंदावन आहे, म्हणजे चेहरा आणि तुळस असे दोन भार एकावर एक आहेत. दोन्ही रेषा लावून पाहा, पण त्यावर संध्याकाळ घालवू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुळशीची पानं वरच्या कडेला चिकटली आहेत. तिथे थोडी हवा द्या.

फोटोतल्या माणसाचे डोळे कुठे आलेत ते तपासायला मी ४५ अंशांच्या तिरक्या रेषा वापरतो. त्या प्रत्येक कोपऱ्यातून निघतात. ३:२ च्या चौकटीत समोरच्या लांब बाजूला त्या दोन तृतीयांशावर जाऊन भिडतात, आणि चौरसात मात्र सरळ कर्णच होतात. माणसाचा डोळा, हातातले टाळ, पखवाजावरची थाप, असा बारीक पण जीव असलेला तपशील यांपैकी एखाद्या रेषेवर आला तर फोटो घट्ट वाटतो, असा माझा अनुभव आहे. आला नाही म्हणून चांगला क्रॉप मोडू नका.

आता रिंगणाचा फोटो. यावर मी जास्त बोलतोय, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी गोल रिंगणाचा फोटो पाठवला होता. माउलींचा अश्व चारही पाय जमिनीपासून सुटलेला, भोवती पताका धरलेले वारकरी. मी अश्व तृतीयांशाच्या बिंदूवर आणला आणि त्यासाठी डावीकडची माणसं कापली. फोटो निवडला गेला नाही. महिनाभराने पाहिल्यावर लक्षात आलं की मी रिंगणच तोडलं होतं. धावणारा घोडा कुठेही मिळेल. त्याच्याभोवती माणसांनी धरलेलं वर्तुळ हे रिंगण. तुमच्याही फोटोत डावीकडची रांग अर्धी गेली आहे. ती परत आणा, अश्व मध्याजवळ आला तरी चालेल. स्वाराचा अश्व पुढे धावतोय, त्याच्या आणि माउलींच्या अश्वामधलं अंतरही राहू द्या, ती ओढ त्या अंतरातच आहे.

परत आणा असं बिनधास्त म्हणता येतं, कारण लाइटरूम मूळ फाइल कापत नाही. ‘आर’ दाबून पुन्हा क्रॉपमध्ये गेलात की सगळा फोटो तिथेच असतो. फोटोशॉपमध्ये मात्र कापलेले पिक्सेल काढून टाकण्याची खूण चालू असेल आणि तशीच फाइल सेव्ह केली, तर गेलेलं परत येत नाही. ती खूण आजच काढा.

रेषांकडे वळण्याआधी फोटो सरळ करा. क्षितिज असेल तर क्रॉपमध्ये कंट्रोल धरून त्यावर रेघ ओढा. घाटात क्षितिज नसतं, उताराला आडवं समजून फोटो वाकडा करून बसतो माणूस. तिथे विजेचा खांब धरा, आणि शक्यतो फोटोच्या मधला, कारण वाइड लेन्समध्ये कडेचे खांब खरे उभे असूनही कललेले दिसतात. पताकांच्या काठ्यांवर विसंबू नका.

मग ‘एच’ने रेषा लपवा, ‘एल’ दोनदा दाबा. भोवतालचं सगळं काळं होतं आणि फक्त फोटो उरतो. आता चारही कडांवरून नजर फिरवा. अर्धी पताका, घोट्यात कापलेलं पाऊल, टेम्पोचा कोपरा, पाण्याची बाटली. माझ्या मते चांगला क्रॉप नव्वद टक्के कडांवर ठरतो, आणि कडांबद्दल यातली एकही रेषा काही बोलत नाही.

रोजच्या कामात मला सर्वांत उपयोगी पडणारी रेषा कुणाच्या फारशी लक्षात येत नाही, ती म्हणजे गुणोत्तरांची. वेगवेगळ्या मापांच्या चौकटी ती एकाच वेळी दाखवते. तुम्ही ८ बाय १० इंचांच्या प्रिंट काढणार म्हणालात. ६००० बाय ४००० च्या आडव्या फोटोतून ८ बाय १० साठी ५००० बाय ४००० उरतात. १००० पिक्सेल बाजूने जाणारच. रिंगणाला ते परवडणार नाही, तो १२ बाय १८ मध्ये काढा, तिथे ३:२ पूर्ण बसतं. मावशींचा फोटो उभा हवा असेल तर ‘एक्स’ दाबा, ४:५ मध्ये ३२०० बाय ४००० मिळतात आणि ८ बाय १० ला ते भरपूर आहेत.

डार्कटेबल हे मोफत फोटो-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: तिथेही क्रॉपमध्ये या बहुतेक रेषा आहेत. गिम्प या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकटीच्या मधोमध जाणाऱ्या मध्यरेषाही मिळतात. मंदिराचा सभामंडप किंवा कर कटावर ठेवलेली मूर्ती समोरून टिपली असेल तर त्या लावा आणि तृतीयांश विसरून जा.

घाटाचा फोटो दोन्ही वळणांसह पुन्हा टाका. रिंगणाचा मात्र आधी न कापलेला टाका, डावीकडे अजून किती माणसं आहेत ते पाहून सांगतो.